रस्ते वाढले, वाटा घटल्या : वाचकांचे प्रश्न

शहराचा पसारा आणि रस्त्यांची जोडणी या विषयावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरांत ‘गाठ’ म्हणजे चौक, तिठा किंवा गल्लीचे बंद टोक, आणि ‘तुकडा’ म्हणजे दोन गाठींमधला सलग रस्ता.

प्रश्न : शहर वाढते तशी रस्त्यांची एकूण लांबीही वाढते. मग ‘जोडणी कमी झाली’ असे का म्हणतात?

लांबी वाढली म्हणून जोडणी वाढत नाही. कागदावर चार ओळींत प्रत्येकी चार असे सोळा ठिपके काढा आणि शेजारचे ठिपके आडव्या-उभ्या रेघांनी जोडा. रेघा २४ होतात. एका कोपऱ्यातून तिरक्या समोरच्या कोपऱ्यात जायला सारख्याच लांबीच्या २० वाटा मिळतात. आता तेच सोळा ठिपके झाडाच्या आकारात जोडा : एक खोड, त्याला फांद्या, फांद्यांची टोके मोकळी. रेघा १५ पुरतात आणि एकही ठिपका सुटत नाही. पण कोणत्याही दोन ठिपक्यांमध्ये वाट एकच. त्यातली एक रेघ खोडली की जाळे दुभंगते.

जाळ्यात बंद घेरे किती, हे मोजायचे सूत्र सोपे आहे : तुकडे वजा गाठी अधिक १. पहिल्या आकृतीत ते ९ येतात, दुसऱ्या आकृतीत शून्य. रस्ता खणला, पाणी तुंबले किंवा अपघात झाला तर पर्यायी वाट मिळेल का, हे या एका आकड्यावरून कळते.

वाढत्या शहराच्या कडेला भर पडते ती बहुधा दुसऱ्या प्रकारची. जमीन एका वेळी एका मालकाची विकसित होते. तो आपल्या हद्दीत रस्ते आखतो, मुख्य रस्त्याला एक तोंड देतो आणि बाकी तिन्ही बाजूंना कुंपणभिंत घालतो. शेजारची जमीन पाच वर्षांनी विकसित होते, तिथेही हेच घडते. दोन्ही आराखडे वेगवेगळे तपासले तर नियमात बसतात. ते एकमेकांना जोडायचे काम मात्र कोणाच्याच वाट्याला आलेले नसते. शिवाय जोडणी न करण्यात मालकाचा फायदाही असतो : झाडासारख्या आखणीत रस्ता कमी लागतो, विकायला जागा जास्त उरते आणि ‘बाहेरची वाहने येणार नाहीत’ ही जाहिरात करता येते. काही ठिकाणी मालक हद्दीलगत फूटभर रुंदीची पट्टी मुद्दाम स्वतःच्या नावावर ठेवतो. पुढे कोणाला रस्ता जोडायचा असेल तर त्या फूटभर पट्टीची किंमत मोजावी लागते.

दुसरे कारण महामार्गाच्या कडेला दिसते. रस्त्याला लागून असलेले भूखंड आधी विकले जातात आणि तिथे सलग बांधकामे उभी राहतात. मागची जमीन विकसित व्हायची वेळ येते तेव्हा आत जायला दोन इमारतींमधला बोळ तेवढा उरतो, आणि त्या बोळावर पुढे शेकडो घरे अवलंबून राहतात.

प्रश्न : आमच्या अभ्यासगटाला शहराच्या एका भागाची जोडणी मोजायची आहे. कोणते आकडे काढावेत? चुका कुठे होतात?

स्वयंसेवकांनी काढलेला ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा आणि नकाशांवर काम करायचे क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर काम सुरू करता येते. पायथॉन ही संगणकाची भाषा येत असेल तर ओएसएमएनएक्स हे साधन नकाशावरून थेट गाठी आणि तुकडे बनवून देते. भाग लहान असेल, म्हणजे एखाद-दोन चौरस किलोमीटरचा, तर छापील नकाशा आणि पेन्सिल घेऊनही नीट मोजता येते. उलट त्याने नजर तयार होते, म्हणून पहिला भाग हातानेच मोजावा असे आम्ही सुचवू.

चार आकडे काढा. पहिला, तुकडे भागिले गाठी. वरच्या आकृत्यांत तो १.५ आणि ०.९४ येतो. अमेरिकेतल्या अनेक नगरपालिकांच्या नियमांत १.२ ते १.४ ही किमान मर्यादा आढळते. दुसरा, एका चौरस किलोमीटरमध्ये खऱ्या छेदांची संख्या. इथे बंद टोके धरायची नाहीत. तिसरा, एकूण गाठींत बंद टोकांचा वाटा. चौथा, वळशाचे गुणोत्तर : दोन ठिकाणांमधले रस्त्याने होणारे अंतर भागिले सरळ रेषेतले अंतर.

यातला कोणताही एकच आकडा घेतला तर फसगत होते. चौकटीच्या आखणीत रस्ते १०० मीटरवर असोत की ४०० मीटरवर, पहिला आकडा तेवढाच येतो. पायी चालणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ४०० मीटरचे ठोकळे त्रासाचे. याउलट एकाच फाट्याला जवळजवळ चिकटलेल्या दहा बंद गल्ल्या असतील तर तिठे दहा होतात आणि छेदांची घनता फुगते. तिथे बंद टोकांचा वाटाच खरे चित्र दाखवतो.

वळशाचे गुणोत्तर काढताना घर आणि शाळा, घर आणि बसथांबा अशा रोजच्या जोड्या घ्या. बरोबर काटकोनी आखणीत हे गुणोत्तर सर्वांत वाईट दिशेला १.४१ असते आणि सर्व दिशांची सरासरी १.२७ येते. त्यामुळे १.३ च्या आसपासचा आकडा उत्तम समजावा. १.५ पर्यंत चालण्यासारखे आहे. २ च्या वर गेला की लोक पायी जाणे सोडतात किंवा कुंपणाला भगदाड पाडतात. अशी भगदाडे दिसली तर त्यांची नोंद जरूर करा, कारण जोडरस्ता कुठे हवा हे त्यांच्याइतके स्पष्ट कोणीच सांगत नाही.

आता चुकांविषयी. सर्वांत मोठी चूक हद्दीवर होते. नकाशा हद्दीवर कापला की तिथला प्रत्येक रस्ता बंद टोक म्हणून मोजला जातो. म्हणून हद्दीबाहेर किमान १ किलोमीटरचा पट्टा धरून जाळे तयार करा, त्यावर गणित करा आणि मग आतल्या गाठींचेच आकडे घ्या. दुसरी चूक दुभाजकाच्या रस्त्यांची. असे दोन रस्ते एकमेकांना छेदतात तेव्हा नकाशात चार गाठी दिसतात, प्रत्यक्षात चौक एक. वाहतूक बेटाच्या चौकातही असेच होते. जवळच्या गाठी एकत्र करताना ओएसएमएनएक्समध्ये १० मीटरची मर्यादा दिली, तर प्रत्येक गाठीभोवती १० मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले जाते. म्हणजे प्रत्यक्षात २० मीटरपर्यंतच्या गाठी एक होतात. जुन्या, दाट वस्तीत याने दोन वेगळे तिठे एकत्र होऊ शकतात, तेव्हा तिथे मर्यादा कमी ठेवा. ही पायरी करण्याआधी नकाशा मीटर मोजणाऱ्या प्रक्षेपात (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायच्या पद्धतीत) आणायला विसरू नका. अक्षांश-रेखांशात ‘१०’ म्हणजे दहा अंश होतात आणि अख्खे शहर एका गाठीत गोळा होते.

उड्डाणपुलाखालून जाणारा रस्ता पुलाला छेदत नाही, पण नकाशा हाताने काढताना तिथे चौक मोजला जातो. रस्त्याच्या नुसत्या वळणावर गाठ धरू नये. आणि कुलूपबंद फाटक असलेला रस्ता जोडलेला मानायचा की नाही, हे सुरुवातीलाच ठरवून लिहून ठेवा. आमचे मत : फाटक दिवसभर सर्वांना खुले नसेल तर तो रस्ता तुटलेलाच धरावा.

शेवटी, पायी आणि वाहनांचे जाळे वेगवेगळे मोजा. दोन्हींचे आकडे एकत्र केले तर या सगळ्या मोजणीतली सर्वांत उपयोगाची माहिती हरवते. ती का, हे पुढच्या एका उत्तरात येईल.

प्रश्न : शहराची तीस-चाळीस वर्षांतली बदलती जोडणी दाखवायची आहे. जुने नकाशे मिळत नाहीत. ओपनस्ट्रीटमॅपच्या जुन्या आवृत्त्या वापराव्यात का?

नको. त्या आवृत्त्या पाहिल्या तर नकाशा काढणारे स्वयंसेवक कोणत्या वर्षी कुठे पोचले हे कळेल, रस्ता कधी झाला हे कळणार नाही. साठ वर्षे जुनी गल्ली नकाशावर काही वर्षांपूर्वी आलेली असू शकते.

त्याऐवजी आजचे जाळे घ्या आणि प्रत्येक तुकड्याला जन्मकाळ द्या. लँडसॅट उपग्रहांची चित्रे १९७२ पासूनची आहेत. युरोपीय आयोगाच्या ‘ग्लोबल ह्यूमन सेटलमेंट लेयर’मध्ये १९७५ पासून बांधीव क्षेत्राचे थर मिळतात. एखाद्या तुकड्याभोवतालची जमीन ज्या टप्प्यात पहिल्यांदा बांधीव दिसते, तो त्या तुकड्याचा काळ. भूखंडांच्या नोंदीत इमारतीचे वर्ष मिळत असेल तर ते अधिक भरवशाचे. या पद्धतीत गृहीत असे आहे की रस्ते एकदा पडले की क्वचितच हलतात, आणि ते बहुतांशी खरे आहे. १६६६ च्या आगीनंतर लंडनसाठी नव्या आखणीचे आराखडे पुढे आले होते, तरी शहर पुन्हा बांधले गेले ते बहुतेक जुन्याच रस्त्यांवर.

अपवाद दोन. शहराने गिळलेल्या खेड्यातले रस्ते बांधीव थरात उशिरा दिसतात आणि नवे ठरतात. शेतातून जाणारी जुनी वाट पुढे डांबरी झाली तर तिचा जन्मकाळही चुकतो. असे तुकडे हाताने वेगळे काढा.

आकडे मांडताना पूर्ण शहराची सरासरी देऊ नका, नव्या भरीची वेगळी द्या. समजा शहरात १०,००० गाठी आहेत आणि प्रत्येक गाठीला सरासरी ३.१ तुकडे मिळतात. त्यात २.५ सरासरीच्या १,००० गाठींची भर पडली, तर शहराची सरासरी ३.०५ होते. ३.१ वरून ३.०५ म्हणजे कोणी दखलही घेणार नाही, पण नवा भाग झाडाच्या आकाराकडे बराच झुकलेला असतो. जुन्या गाभ्याची चांगली जोडणी कडेची पडझड वर्षानुवर्षे झाकून ठेवते.

प्रश्न : हे जगभर घडते आहे की काही देशांत? आणि सुरुवात कुठून झाली?

चौकटीची आखणी फार जुनी. स्पेनच्या राजाने १५७३ मध्ये वसाहतींसाठी जे नियम काढले त्यांत मध्यवर्ती चौक आणि त्यातून निघणारे सरळ रस्ते होते. लॅटिन अमेरिकेतल्या शहरांवर त्याची छाप आजही आहे. न्यूयॉर्कने मॅनहॅटनची आखणी १८११ मध्ये ठरवली, तेव्हा तिथल्या बहुतेक जमिनीवर शहर नव्हतेच. बार्सिलोनात इल्डेफॉन्स सेर्डा यांचा विस्तार आराखडा १८५९ मध्ये मंजूर झाला : ११३.३ मीटरचे चौरस ठोकळे, कोपरे छाटलेले आणि बहुतेक रस्ते २० मीटर रुंद.

मोटारी आल्यावर वारे फिरले. न्यूजर्सीतल्या रॅडबर्नमध्ये १९२९ मध्ये क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट यांनी मोटारींसाठी बंद गल्ल्या आणि त्यांच्या मागच्या बाजूने सलग पायवाटा व बागा अशी दुहेरी रचना केली. पुढच्या दशकात अमेरिकेतल्या गृहकर्जांना हमी देणाऱ्या सरकारी यंत्रणेने चौकटीऐवजी वळणदार रस्ते आणि बंद गल्ल्यांची शिफारस केली. रॅडबर्नची नक्कल करणाऱ्यांनी बंद गल्ल्या तेवढ्या उचलल्या, पायवाटा गाळल्या. आजच्या निम्म्या तक्रारींचे मूळ या अर्धवट नकलेत आहे असे आम्हाला वाटते.

ख्रिस्तोफर बॅरिंग्टन-ली आणि अ‍ॅडम मिलार्ड-बॉल यांनी अमेरिकेतल्या नव्या रस्त्यांचा शतकभराचा मागोवा घेतला. त्यात तुटलेपणा १९९४ च्या सुमारास शिगेला पोचून नंतर कमी होऊ लागल्याचे दिसले. पुढे त्यांनी जगभराचे जाळे तपासले. जगाच्या मोठ्या भागात १९७५ नंतर नवे रस्ते अधिकाधिक तुटक होत गेलेले आढळतात. आग्नेय आशियात फाटकबंद वसाहतींचा त्यात मोठा हात आहे. बोलिव्हिया, अर्जेंटिना, पेरू इथे चौकट बरीच टिकली. डेन्मार्क, जर्मनी आणि ब्रिटनमध्ये बंद गल्ल्या पुष्कळ आहेत, पण पायी आणि सायकलने त्या आरपार जोडलेल्या असल्याने एकूण चित्र मध्यम राहते. श्रीमंती किंवा हवामानापेक्षा आखणीचे नियम हे फरक जास्त चांगले समजावतात असे आम्हाला वाटते.

प्रश्न : बंद गल्लीत मुले निर्धास्त खेळतात, वर्दळ नसते, अपघात कमी होतात. मग तिला विरोध का?

गल्लीच्या आतपुरते तुमचे म्हणणे बरोबर आहे. साध्या चौकात वाहनांचे मार्ग एकमेकांना ३२ ठिकाणी छेदतात किंवा मिळतात, तिठ्यावर ९ ठिकाणी. चौक टाळून थोड्या अंतरावर दोन तिठे दिले तरी बेरीज १८. म्हणून लहान रस्त्यांवर तिठे असणे वाईट नाही, आणि वळणदार रस्ताही मुळात वाईट नाही.

नुकसान दिसते ते गल्लीबाहेर. आतली प्रत्येक फेरी, मग ती शेजारच्या गल्लीतली का असेना, मुख्य रस्त्यावर ढकलली जाते. मुख्य रस्ता रुंद करावा लागतो, वेग वाढतो आणि गंभीर अपघात तिथे होतात. वेस्ली मार्शल आणि नॉर्मन गॅरिक यांनी कॅलिफोर्नियातल्या २४ शहरांचा अभ्यास केला. ज्या शहरांत छेद दाट होते तिथे अपघाती मृत्यूंचे प्रमाण कमी आढळले. वेग कमी असणे हे त्याचे संभाव्य कारण.

आग आणि रुग्णवाहिकेचा मुद्दा वेगळा. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या ‘इंटरनॅशनल फायर कोड’मध्ये १५० फुटांपेक्षा, म्हणजे सुमारे ४६ मीटरपेक्षा लांब बंद रस्त्याला बंब वळवण्याची जागा द्यावी लागते. त्याच्या एका परिशिष्टात गोल वळणासाठी ९६ फूट, म्हणजे सुमारे २९ मीटर व्यासाची जागा दिली आहे, आणि एका वाटेवर ३० पेक्षा जास्त एक-दोन कुटुंबांची घरे असतील तर साधारणपणे दुसरी वाट मागितली आहे. या दोन वाटा शेजारी-शेजारी असून चालत नाहीत. त्यांच्यातले अंतर वस्तीच्या सर्वांत लांब कर्णाच्या निम्म्याहून कमी नको. आराखडे तपासताना हाच भाग वारंवार निसटतो. दोन फाटके दाखवलेली असतात, पण दोन्ही एकाच रस्त्यावर वीस मीटरच्या आत.

मुलांच्या खेळासाठी शांतता हवी आणि जोडणीही हवी, तर वाहने अडवा, माणसे अडवू नका. नेदरलँड्समधल्या हाउटेन शहरात मोटारीला एका भागातून दुसऱ्या भागात जायला बाहेरच्या वर्तुळाकार रस्त्यावर जावे लागते, सायकल मात्र मधून सरळ जाते. बार्सिलोनाने तीन बाय तीन ठोकळ्यांचे, सुमारे ४०० मीटर बाजूचे गट करून आरपार मोटारी बाहेर वळवल्या. पायी जाळे अखंड राहते आणि वाहनांचे जाळे हवे तसे तोडता येते. म्हणूनच दोन्ही वेगळी मोजा असे वर सांगितले.

प्रश्न : जास्त रस्ते म्हणजे जास्त जागा वाया. एकूण जमिनीपैकी किती टक्के रस्त्यांना द्यावी?

गणित करून पाहा. १२ मीटर रुंद रस्ते दर १०० मीटरवर (मध्यापासून मध्यापर्यंत) दोन्ही दिशांना टाकले, तर रस्त्याखाली २२.६ टक्के जमीन जाते, रस्त्याची लांबी दर चौरस किलोमीटरला २० किलोमीटर होते आणि छेद १००. अंतर २०० मीटर केले तर जमीन ११.६ टक्के, लांबी १० किलोमीटर, छेद फक्त २५. अंतर दुप्पट झाले की छेद चौथ्या हिश्श्यावर येतात. जमीन मात्र निम्मीच वाचते.

संयुक्त राष्ट्रांच्या यूएन-हॅबिटॅट या वस्तीविषयक संस्थेने किमान ३० टक्के जमीन आणि दर चौरस किलोमीटरला १८ किलोमीटर रस्ता असे माप सुचवले आहे. चौकटीत १८ किलोमीटर म्हणजे रस्ते साधारण १११ मीटरवर, आणि ३० टक्क्यांसाठी त्यांची सरासरी रुंदी १८ मीटर लागते. मध्यवर्ती भागाला हे शोभते. राहत्या भागात आम्ही लांबीचा आकडा पाळू आणि रुंदीत काटकसर करू. ९ मीटरचा रस्ता दर ९० मीटरवर असेल तर जमीन १९ टक्केच जाते आणि छेद १२३ मिळतात. रुंद रस्ते कमी संख्येने देण्यापेक्षा अरुंद रस्ते जास्त संख्येने द्यावेत. फक्त दोन्ही बाजूंना वाहने उभी राहिली तर ९ मीटर अपुरे पडतात, तेव्हा वाहनतळाची सोय आधीच ठरवावी लागते.

प्रश्न : आमच्या शहराच्या कडेला अजून शेती आहे. आत्ता नेमके काय करावे?

मुख्य रस्त्यांची जमीन आत्ताच राखून ठेवा, रस्ता नंतर बांधला तरी चालेल. शहरविस्ताराचे अभ्यासक श्लोमो एंजेल यांची सूचना अशी : पुढच्या काही दशकांत शहर जिथवर पोचेल तिथवर सुमारे १ किलोमीटर अंतरावर २५ ते ३० मीटर रुंद पट्ट्यांची चौकट आखून त्या ताब्यात घ्या. ३० मीटर पट्ट्याला यात फक्त ६ टक्के जमीन लागते. शेती असेपर्यंत तिची किंमत कमी असते, एकदा बांधकामे झाली की तीच जमीन मिळवायला दशके जातात.

आतले रस्ते मालकांच्या आराखड्यांत येतील. तिथे अट एकच, पण काटेकोर : प्रत्येक बाजूच्या हद्दीला ठरावीक अंतरावर रस्ता नेऊन भिडवायचा. अमेरिकेतल्या पोर्टलंड महानगरात हे अंतर रस्त्यांसाठी ५३० फूट (सुमारे १६० मीटर) आणि पायवाटांसाठी ३३० फूट (१०० मीटर) आहे.

अट असूनही जोडणी फसते ती बारीक कारणांनी. रस्ता हद्दीच्या चार-पाच मीटर अलीकडे संपवला जातो आणि उरलेली पट्टी खासगी राहते. दोन्ही बाजूंच्या रस्त्यांची पातळी एक-दीड मीटरने वेगळी निघते. गटाराचा उतार जोडणीच्या दिशेने असतो आणि पुढच्या जागेत पाणी सोडता येत नाही. यांवर उपाय कागदावरच करायचे : रस्त्याची मालकी थेट हद्दरेषेपर्यंत सार्वजनिक, हद्दीवरची पातळी आराखड्यात लिहिलेली आणि तीच शेजारच्या आराखड्याला बंधनकारक. आणखी एक गोष्ट फुकटात होते : त्या टोकाला ‘हा रस्ता पुढे जोडला जाणार आहे’ असा ठळक फलक पहिल्या दिवसापासून लावा. फलक नसेल तर दहा वर्षांत तिथे कुंड्या, झोके आणि वाहने येतात आणि जोडणीच्या दिवशी सगळी गल्ली आडवी उभी राहते.

जमिनी लहान आणि वेड्यावाकड्या असतील तर सर्व मालकांची जमीन एकत्र करून रस्ते वजा जाता प्रत्येकाला आखीव भूखंड परत देण्याची पद्धत वापरावी. जपानने १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोच्या पुनर्बांधणीत ती मोठ्या प्रमाणावर वापरली.

प्रश्न : वस्ती पूर्ण बांधून झाली आहे. आता काही करता येईल का?

मोटारीचा रस्ता बहुधा नाही, पायवाट बहुधा हो. बंद टोकांची यादी करा. दोन टोकांमध्ये सरळ अंतर ५० मीटरच्या आत आणि रस्त्याने अंतर त्याच्या दहापट किंवा जास्त, अशा जोड्या निवडा. समजा भिंतीपलीकडचे टोक ४० मीटरवर आहे आणि वळसा ७०० मीटरचा. ताशी ५ किलोमीटरच्या चालीने एका फेरीत आठ मिनिटे वाचतात. मग मधली जागा कोणाची ते नोंदीत पाहा. नाला, जलवाहिनी किंवा वीजवाहिनीची पट्टी, शाळेचे मैदान, बागेची कड असे काही निघाले तर काम सोपे.

पायवाट किमान ३ मीटर रुंद आणि सरळ ठेवा. एका टोकाला उभे राहून दुसरे टोक दिसले पाहिजे. मध्ये वळण आले की लोक अंधारात ती वापरत नाहीत आणि वर्षभरात ती बंद करण्याची मागणी येते. दोन्ही बाजूंच्या भिंतींचा वरचा भाग जाळीचा करा, दिवा टोकांना न लावता मध्यावर लावा. तोंडाशी खांब रोवताना मधले अंतर १.५ मीटर ठेवा. मोटार अडते, चाकाची खुर्ची आणि मालवाहू सायकल जाते. मोटारसायकलीही जातात, त्या खांबांनी थांबत नाहीत. त्यासाठी नागमोडी अडथळे घातले तर खुर्चीवाले अडकतात, म्हणून तो उपाय टाळावा. पातळीत फरक असेल तर उतार १:१२ पेक्षा तीव्र नको. दीड मीटर उंचीला १८ मीटर उतार आणि मध्ये विसाव्याचे सपाट टप्पे लागतात, तेवढी लांबी आहे का ते आधी मोजा.

फायदा किती होईल? रीड इविंग आणि रॉबर्ट सर्व्हेरो यांनी २०१० मध्ये अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र केले. त्यानुसार छेदांची घनता १० टक्के वाढली तर चालणे सुमारे ३.९ टक्के वाढते आणि मोटारीने कापलेले अंतर १.२ टक्के घटते. पहिला आकडा लक्षणीय आहे, दुसरा माफक. पायवाट काढताना ‘कोंडी सुटेल’ असे आश्वासन देऊ नका.

प्रश्न : एका ठिकाणी जोडरस्ता काढल्यावर कोंडी वाढली. असे होऊ शकते?

होऊ शकते. डीट्रिच ब्रेस या जर्मन गणितज्ञाने १९६८ मध्ये ते दाखवून दिले. ४,००० वाहने दोन मार्गांत निम्मी-निम्मी वाटली आहेत असे समजा. प्रत्येक मार्गात एक अरुंद टप्पा आहे, त्याला लागणारी मिनिटे म्हणजे त्यावरची वाहने भागिले १००. दुसरा टप्पा रुंद, त्याला कायम ४५ मिनिटे. एका मार्गात अरुंद टप्पा आधी येतो, दुसऱ्यात नंतर. एकूण २० अधिक ४५, म्हणजे ६५ मिनिटे. आता दोन्ही अरुंद टप्पे जोडणारा झटपट रस्ता काढला. ज्याला त्याला तोच सोयीचा दिसतो, सगळी वाहने दोन्ही अरुंद टप्प्यांवर येतात आणि वेळ ४० अधिक ४०, म्हणजे ८० मिनिटे होतो.

एकच जोडरस्ता दोन तुंबणाऱ्या ठिकाणांना जोडत असेल तर हा धोका खरा आहे. जाळ्यात अनेक ठिकाणी लहान-लहान जोडण्या दिल्या तर भार विखुरतो.

प्रश्न : पसारा म्हणजे विरळ वस्ती. दाट वस्तीत हा प्रश्न येणार नाही ना?

येतो. वीस मजली इमारतींचे फाटकबंद संकुल दाट असते, तरी त्याच्या भिंतीभोवती किलोमीटरभर चालावे लागू शकते. उलट, नियोजनाशिवाय वाढलेल्या जुन्या वस्त्यांतले बोळ पायी चालणाऱ्याला हव्या तेवढ्या वाटा देतात, अडचण होते ती बंब आत नेताना. घनता आणि जोडणी यांचे रकाने वेगळेच ठेवा. शहर विरळ असेल तर पुढे मजले चढवून दाट करता येते. तुटक आखणी मात्र मजले चढवल्याने सुधारत नाही, उलट त्याच एका फाटकातून दुप्पट माणसे जाऊ लागतात.